दोन प्रती घरात, एक साताऱ्याला

तपकीर गल्लीत पोरवालांच्या मुलानं विचारलं,
काका, किती वर्षांसाठी हवंय?
आचारी विचारतो तसं, पानं किती उठतील.
मी म्हटलं, नक्की माहीत नाही.
मग दोन डिस्क घ्या, म्हणाला,
एकीवर जे, तेच दुसरीवर.
एक गेली तरी घर चालू राहतं.
मी पैसे मोजत होतो, काही बोललो नाही.

परतीच्या बसमध्ये बिलामागे हिशेब मांडला:
फोनमधले एकवीस हजार फोटो,
त्यांत निम्मे वीजमीटरचे आकडे आणि औषधांच्या चिठ्ठ्या,
बाबांच्या गुडघ्याचे एक्स-रे, खिडकीच्या काचेवर धरून काढलेले,
ऋजुताची चार गॅदरिंगं, चारही वर्षं ती झाड,
आणि सात छोट्या कॅसेट,
बिस्किटाच्या डब्यात, तांदळाची पुरचुंडी घालून,
दमट धरू नये म्हणून.

आमच्याकडे एकसष्टच्या आधीचा एकही फोटो नाही.
पानशेत फुटलं तेव्हा आजोबा शनिवारात, तळमजल्याला.
वर नेलं ते गव्हाचं पोतं आणि शिलाई मशीन.
बरोबरच नेलं.
पण तेव्हापासून पणजीचा चेहरा
जो तो आपल्या सोयीनं सांगतो.
आत्या म्हणते, थेट माझा.

म्हणून धनकवडीत, चौथ्या मजल्यावर असूनही,
मी ते यंत्र माळ्यावर ठेवायचं ठरवलं, रजयांच्या शेजारी.
शलाका म्हणाली, तापेल. रजया हलवल्या.
गुरुवारी वीज जाते, त्यासाठी बॅटरी.
रात्री त्याचा पंखा घुमतो,
शेजारी कुणी अवेळी दळण टाकल्यासारखा.
आणि तिसरी प्रत पुण्याबाहेर,
साताऱ्याला, हेमांगीकडे.
तिचं घर चढावर आहे, नदीचं पाणी तिथे पोचत नाही.

पाचव्या कॅसेटवर माझ्याच अक्षरात:
हेमांगी, लग्न, २००३, भाग दोन.
ती आधीच म्हणाली होती, सगळं ठेव, तेवढं सोड.
लग्न दोन वर्षं टिकलं नाही,
टेप कशाला टिकवतोस?

सोडणारच होतो.
पण सत्तेचाळिसाव्या मिनिटाला
पंगतीत मठ्ठा वाढणारी आई कॅमेऱ्याकडे वळते,
अरे, माझं काय काढतोयस,
त्या पोरीचं काढ, दमलीय बघ.
अकरा सेकंद.
आईचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही.

तेवढंच कापून घ्यावं म्हणून रात्री दोनपर्यंत बसलो.
पण त्याच अकरा सेकंदांत तो येतो,
मुंडावळ्या मागे सारून,
आईच्या हातातली जड किटली घेतो.
त्याला कापलं तर आईचा हातही जातो,
मनगटापासून.

हेमांगीला फोन केला.
सगळं सांगितलं, किटलीसकट.
पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
मग म्हणाली, त्या दिवशी मठ्ठ्यात मीठच नव्हतं, आठवतं?
मला आठवत नव्हतं. टेपमध्ये चव येत नाही.
ठेव, म्हणाली. इकडेही ठेव माझ्याकडे,
देवघराखालच्या कपाटात जागा आहे.
फक्त पासवर्ड मला सांगू नकोस.
आणि मी गेल्यावर, म्हणाली,
मग गॅस बंद करायला गेली,
परत आली तेव्हा विषय शेवग्याच्या शेंगांचा होता.

पोरवालांच्या मुलानं बजावलंय,
वर्षातून एकदा एक डिस्क मुद्दाम काढा,
दुसरी एकटी उभी राहते का बघा.
अजून काढलेली नाही.

पासवर्ड मी कागदावर लिहिलाय, ऋजुतासाठी,
सुवाच्य, पेनानं, शून्य आणि ओ वेगळे दिसतील असा.
कागद कुठे ठेवायचा ते ठरत नाही.
सध्या तो बिस्किटाच्या डब्यात आहे,
तांदळाच्या पुरचुंडीखाली.
तांदूळ मात्र बदलायला झालेत.