चौथा कोपरा

एयुन म्हणायचा, गवताचं छप्पर शोधायचं
तर छप्पर शोधू नकोस.
हिरव्यावर हिरवं. डोळे फुटतील, हाती काही लागणार नाही.
सावली शोध.
फेरो बेटांवर झाडं नाहीत,
सावली पडली तर ती घराचीच.

शाळा सुटली की आम्ही नकाशे काढायचो.
म्हणजे उपग्रहाच्या फोटोवर, वरून,
चार कोपऱ्यांवर चार टिचक्या,
की जगात एक घर जास्त.
आई विचारायची, यात मिळतं काय?
काही नाही, आई.
तो त्याच्या खोलीत, मी माझ्या,
मध्ये खाडी, आणि माझ्या कानात
त्याचं कायम सर्दी झालेलं नाक.

दोन हिवाळ्यांत आख्खं गाव संपवलं,
चर्च, मासळीचा कारखाना, मटण वाळवायच्या फळ्यांच्या खोल्या.
नावा ठेवायच्या खोपटाला इमारत म्हणायचं का
यावरून तीन दिवस अबोला.
मग मोझांबिकमधली पुरात गेलेली एक वस्ती.
नाव धड उच्चारता यायचं नाही,
पण पायवाट कुठे वळते ते पाठ.

त्याचं घर तेवढं राहिलं.
स्वतःचं आपण काढत नसतात, म्हणायचा,
तू काढ. सगळ्यात शेवटी.

ऑक्टोबरात त्याला विमानाने कोपनहेगनला नेलं.
तिथून त्याने इस्पितळ काढून पाठवलं,
आवारातल्या बाकांसकट, एकूण एक बाक.
"इथे मोजायला दुसरं काही नाही."
फेब्रुवारीत बोटीने परत आला.
आमचा सगळा वर्ग धक्क्यावर उभा होता,
वाऱ्याने मुख्याध्यापकांची टोपी पाण्यात गेली
आणि मला हसू आलं.
अजून आठवलं की कान तापतात.

डॅनिशच्या तासाला हजेरी घेताना
बाई त्याच्या नावाच्या जागी नुसता श्वास घेतात.
लॉकरमध्ये त्याचा पोहायचा चष्मा आहे, किल्ली कुणाकडेच नाही.
मार्गुन रोज डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवते,
काही विचारत नाही.
तिला मी मठ्ठ समजायचे.

नकाशावर त्याच्या नावाखाली लिहिलंय:
शेवटचा बदल एकशे बारा दिवसांपूर्वी.
मग तेरा. मग चौदा.
कुणीतरी मोजतंय, यंत्र का होईना.

काल नवे फोटो आले.
जुन्यात त्यांच्या अंगणात निळी ट्रॅम्पोलिन होती
आणि शेजारी एक पांढरा ठिपका.
तो म्हणायचा, तो मी. मी म्हणायचे, मेंढी.
नव्यात ट्रॅम्पोलिन नाही,
गवतावर तेवढं पिवळं वर्तुळ.
ठिपका आहे.
म्हणजे मेंढीच होती.
जिंकले मी.

रात्री घर काढलं. सावलीला धरून धरून,
एक, दोन, तीन, चार.
खाली चौकट विचारते, काय बदललंत?
ती चौकट कितीतरी वेळ तशीच उघडी.
बाबा दारावर टकटक करून गेले, दिवा मालव.
शेवटी लिहिलं: एक घर राहिलं होतं.

सकाळी बसमध्ये फोन थरथरला.
कुणी अनोळखी, पोलंडचा असावा,
त्याने चौथा कोपरा काटकोनात आणलाय.
किरकोळ दुरुस्ती, असं लिहून. वर शुभेच्छाही.

त्याला कुठून ठाऊक असणार,
पाया खणताना एयुनच्या आजोबांना तिथे कातळ लागला
आणि त्यांनी सुरुंग लावण्याऐवजी भिंतच वळवली.
त्या कोपऱ्यात एयुनचा पलंग.
कसाही लावा, भिंतीला चिकटायचा नाही,
फटीत पेन्सिली पडायच्या,
आणि एकदा माझं कानातलं. ते अजून तिथेच असेल.

बोगदा तीन मिनिटांचा आहे.
उजेडात येईपर्यंत
मी कोपरा पुन्हा वाकडा केला होता.

काय बदललंत?
तिथे कातळ आहे.