इतिवृत्त, मुद्दा क्रमांक सात

मे महिना. सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत
बाराची बैठक सव्वाला सुरू झाली.
मी इतिवृत्त लिहिणारी. माझं काम एवढंच,
जे जे बोललं जाईल ते
'सविस्तर चर्चा झाली' या तीन शब्दांत बसवायचं.
एकोणीस वर्षं बसवत आले.

टेबलाच्या त्या टोकाला चौघं:
शिफा, भाग्यदीप सहारे,
पराते आडनावाची एक, जिनं पहिलं नाव सांगितलं नाही,
आणि धाकटी करुणिका, चौदाची,
जी सगळ्यांनी घेतल्याशिवाय
समोशाला हात लावत नव्हती.

साहेब म्हणाले, मोकळेपणानं बोला बाळांनो,
आपापला अनुभव सांगा.

शिफानं वही उघडली.
"अनुभव तुमच्या कपाटात आहे, सर.
पोलिसांना सांगितला, डॉक्टरांना सांगितला,
ताईंना सांगितला, ताईंची बदली झाली
म्हणून नव्या ताईंना पहिल्यापासून सांगितला.
आज आम्ही दुरुस्त्या आणल्या आहेत."

खुर्च्या जरा करकरल्या.

पान दोन. अर्जावर पालकाची सही.
"ज्याच्यापासून पळून आलो
त्याच्याच सहीसाठी परत जायचं काय?"
पान तीन. मदतीचा नंबर शाळेच्या भिंतीवर आहे,
चांगला ठळक आहे, निळ्या रंगात.
"पण फोन बाबाच्या खिशात असते."

भाग्यदीप उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.
"निवाऱ्यात बाराच्या वरचा पोरगा चालत नाही.
सोळा जुलैला माझा वाढदिवस होता.
सतराला मले दुसरीकडे नेलं.
आई इकडे, मी काटोल रोडले.
मी तिच्या अन् त्याच्या मधात उभा राहत होतो, सर.
बारा वर्षांचा झालो म्हणून
मी तुम्हाले तो वाटलो काय?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
मी 'तो' अवतरणचिन्हांत लिहिला.
मग चिन्हं खोडली.

धाकटी काहीतरी बोलली. कुणालाच ऐकू आलं नाही.
खिडकीत आमचा कूलर, पत्र्याचा, जुना,
ट्रॅक्टरसारखा धडधडणारा.
मोठ्यानं बोल बेटा.
ती म्हणाली, नाही. तुम्ही तो बंद करा.

शिपाई उठला. पंप थांबला, पाती घरघरत थांबली.
वाळ्याच्या पट्ट्यांवरून पाणी टपकत राहिलं थोडा वेळ.

"आमच्या घरी आधी कूलर लावायचे," ती म्हणाली,
"मग."

पुढचं वाक्य नव्हतं.
बऱ्याच वेळानं: "हिवाळ्यात पण."

बाहेर चव्वेचाळीस अंश. कूलर लावा असं
कुणी म्हणालं नाही.
तिची दुरुस्ती छोटीच होती.
चौकशीला येणाऱ्या माणसानं शेजाऱ्यांना
'आवाज आला का' हे विचारू नये.
'कूलर कधी कधी चालू असते' हे विचारावं.

निघताना परातेनं ऑटोचे पैसे मागितले,
एकशे ऐंशी, येऊन-जाऊन.
"अन् दर वेळी द्यायचे, आम्ही न मागता.
हे पण लिहा."
लिहिलं.

मसुदा नऊ पानांचा झाला.
'संक्षिप्त करावे' असा शेरा घेऊन परत आला.
मी अक्षर बारीक केलं, समास कमी केला.
सहा पानं झाली. शब्द तेवढेच.

रात्री मानेवाड्याला, घरी,
टाकीत पाणी भरलं, बटणावर बोट ठेवलं
आणि तसंच काढून घेतलं.
घामानं गाऊन पाठीला चिकटला.
भिंतीपलीकडे नवे भाडेकरू: कुकरची शिट्टी,
बातम्या, एक खुर्ची सरकली.
खुर्चीच असावी.

दहाला त्यांचा कूलर लागला.
उन्हाळा आहे, सगळ्यांचाच लागतो,
असं म्हणत म्हणत
मी अंधारात चपला शोधत होते.