मुकी पट्टी

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज
पाहुण्यासारखी यायची, उंबऱ्यावरूनच परतायची.
संगीतशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर
एका हातात रॉकेलची चिमणी धरून मी उभी, वय अकरा,
काम : दोघी बाईंची पानं उलटणं.
काच तडकली, चिमणी विझली,
चार हातांचा तुकडा अर्ध्यावर अंधारात बुडाला.

दोदो थांबली नाही.
खर्जात चाचपडत राहिली,
जिन्यात पडलेली किल्ली शोधावी तशी.
लामारा वरून बोटांनीच म्हणाली,
इकडे, इथे पायरी आहे.
त्या रात्रीनंतर त्यांना कागद लागला नाही.
मी बेकार झाले.

आता माझं औषधांचं दुकान आहे, रिओनीच्या पुलापाशी.
गुरुवारी सातला शटर ओढते,
दोदोच्या घरी कोपऱ्यात अक्रोड फोडत बसते.
लेनिनग्राडचा जुना पियानो, एक बाक,
त्यावर दोघींचं मिळून एकशे एकोणपन्नास वय.

जुगलबंदी म्हणू नका याला,
इथे कोणाला कोणावर मात करायची नाहीये.
दोदो विचारते, गुडघा काय म्हणतोय?
लामारा तीन सूर लंगडत उतरते.
दोदो तिचीच री ओढते, ओढता ओढता
लंगडण्याचा वॉल्ट्झ करून टाकते.
मग लामाराचा मुलगा येतो,
पोलंडात ट्रक चालवणारा, फोन न करणारा.
मला कसं कळतं?
रस्ता संपतच नाही डाव्या हाताखालचा,
आणि उजवा मध्येच थांबून कान देतो.

दोन वर्षं अबोला होता.
शाळेचा मोठा पियानो विकायच्या कागदावर
दोदोने सही केली होती.
गुरुवार मात्र चुकला नाही.
लामारा कोट न काढता बसायची
आणि जे सुनवायची, ते ऐकून
समोरच्या इमारतीतल्या खिडक्या लागायच्या.
दोदो खाली एकच सूर धरून.
ऐकून घेतेय.
ऐकून घेतेय.

मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी मुकी आहे.
दाबली तर लाकडाचं टक्, बास.
उत्तर द्यायचं नसलं की लामारा नेमकी तीच दाबते.
दोदो विषय बदलते.

मी शहाणी!
दोदोच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून
आवतांदिल ट्यूनरला घेऊन गेले.
तीन दिवसांचा गल्ला गेला.

त्या गुरुवारी दोदोने काहीतरी विचारलं,
फार हळू, अगदी तळातून.
मला अंदाज होता.
लामाराची नवी चिठ्ठी माझ्याच दुकानात आली होती,
गोळ्या मीच मोजून दिल्या होत्या, आणि गप्प होते.
लामाराने पट्टी दाबली.

ती वाजली.

गोल, स्वच्छ, स्वयंपाकघरापर्यंत.
लामाराने हात उचलून मांडीवर ठेवले,
गरम काही लागावं तसे.
इतक्या वर्षांत त्या बाकावर पहिल्यांदाच
दोदो तोंडाने बोलली :
"कधीपासून?"

शुक्रवारी आवतांदिलला लामाराचाच फोन.
पट्टी होती तशी करून द्या.
तो माझ्यापाशी येऊन कुरकुरला,
आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नाही म्हणाला.
पैसे घेतले नाहीत.

काल पुन्हा गुरुवार होता.
टक्.
दोदोने या वेळी विषय बदलला नाही.
तिनेही तीच पट्टी दाबली.
टक्.
मग लामाराने. मग दोदोने.
माझ्या हातातला अक्रोड
न फोडता तसाच राहिला.