वाचून दाखवलेला जबाब

निपाणीत, वखारीच्या मागच्या गल्लीत
सातगोंडा उगारे, निवृत्त जमादार,
खुर्ची पुसून देतात मला.
तंबाखूच्या वासानं मी शिंकले तशी म्हणतात,
नव्या माणसाला होतंय असं,
महिन्याभरात नाक गप्प बसतंय.

पहिला प्रश्न, पोलीस का झालात?
उंची भरली म्हणून.
छाती भरत नव्हती, श्वास धरला,
मोजणाऱ्यानं पट्टी जरा ढिली सोडली.
चिकोडीचा होता तो. देव भलं करो त्याचं.

दुसरा प्रश्न वहीत खोडून खोडून लिहिला होता.
एक नोव्हेंबर. बेळगाव. बंदोबस्त.
मेव्हणा दोरीच्या पलीकडं, दंडाला काळी फीत,
मी अलीकडं.
सकाळी त्याच्याच घरात पोहे खाल्लेले दोघांनी.
मग?
मग काय. ऊन लई होतं त्या दिवशी.
आतून काकू म्हणाल्या, सांगा की खरं,
सहा महिने उंबऱ्याला पाय लावला नाही त्यानं.
रेकॉर्डिंगमध्ये इथं एक्केचाळीस सेकंद
नुसता पंखा आहे.

(कोगनोळी नाक्यावर काल रोशनबी नदाफ म्हणाली,
लिहा, सहा ते दोन मी पाणी पीत नाही.
का, ते नका लिहू. बायकांना कळतंय.
आणि एका ट्रकला हात केला.)

तिसरा प्रश्न राहिलाच. जमादार आपणहून सुरू झाले.
अक्कोळची एक बाई. नवरा आठ दिवस गायब.
ती मराठीत सांगत होती, मी कन्नडमध्ये लिहीत होतो,
आमच्यात तसंच असतंय,
कान एकीकडं, हात दुसरीकडं.
म्हणाली, साहेब, घर खायला उठतंय.
पेन थांबलं बघा माझं.
तसंच्या तसं लिहावं तर इन्स्पेक्टर तुमकूरकडचे,
विचारतील, घरात काय वाघ आहे?
लिहिलं, बेसर.
तीन अक्षरं. कंटाळा म्हणा, दुःख म्हणा,
काय म्हणाल ते.

मग वाचून दाखवायचा नियम.
कागद धरला डोळ्यांपुढं
आणि कागदावर नव्हतं तेच वाचलं,
घर खायला उठतंय.
ती मान हलवत होती, होय साहेब, अस्संच.
खाली लिहिलं, ओदि केळिदे, सरि इदे.
वाचलेलं ऐकलं, बरोबर आहे.
अंगठा धरून शाईत टेकवला तिचा.
गार होता.

नवरा सापडला?
सापडला की. मिरजेत, दुसरीकडं संसार मांडून.
ते रजिस्टरात आहे. ते कशाला लिहिताय.

काकूंनी चहा आणला. जमादार म्हणाले,
आता तुमचं वाचून दाखवा.
वहीत एवढंच होतं माझ्या:
उंची. ऊन. पंखा. मिरज.
मी वही वर धरली आणि सुरुवात केली,
घर, अक्कोळ, अंगठा, सगळं त्यांच्याच शब्दांत,
ते डोळे मिटून ऐकत होते.
मिटलेले नव्हते.

बाई, म्हणाले, बशी माझ्याकडं सरकवत,
तुमची नजर ओळीवरून फिरत नाही.