मांड

गिरणाऱ्याच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मागे
वाळू टाकलेला एक लांबट चौकोन आहे.
कडेला रंगाचे रिकामे डबे, त्यांवर अक्षरं:
ए, के, ई, एच.
क्रमाने का नाहीत, हे खोर्शेदबाईंनाही ठाऊक नाही.
"कोणालाच नाही," त्या देवळालीच्या सुरात म्हणतात,
"तू फक्त ईपाशी वळ."

घोडा एकोणीस वर्षांचा. जन्म स्पेनचा.
एका बागाईतदाराने विमानातून आणला,
मग बागाईतदाराची हौस फिटली.
कागदोपत्री तो लुसेरो. म्हणजे पहाटेचा तारा,
हे कळल्यावर काळू लिलकेने त्याचं शुक्र्या केलं.
पूर्वी राखी होता, आता पांढरा झालाय.
मीही झालेय. त्याला शोभतं.

प्रेसमध्ये सत्तावीस वर्षं मी नोटा तपासल्या.
अंगठ्याखालून कागद सरकायचा,
शाई केसभर हलली असली तरी बोट थांबायचं.
म्हणून वाटलं होतं, माझे हात शहाणे आहेत.
पहिल्याच दिवशी बाईंनी लगाम काढून घेतला.
"हात नंतर. आधी बसायला शीक."

चार महिने दोरीच्या टोकाला गोल फिरले,
रिकिबी नाहीत, हात मांडीवर.
आपल्यात म्हणतात, मांड ठोकावी.
ठोकली. तो थांबला.
आवळली. तो मागे सरकला.
"ठोकायची नाही गं, ओतायची.
कणकेत शेवटचं पाणी घालतेस ना,
तेवढीच."

त्याला सगळं येतं, हीच अडचण.
दुसऱ्या घोड्यावर चूक खपून जाते,
हा चूकही नीट करून दाखवतो.
डावा खुबा जड झाला की आडवा चालू लागतो,
पायावरून पाय टाकत,
लग्नात मिरवणाऱ्या करवलीसारखा.
श्वास कोंडला की उभा.
एकदा बागेत फवारणीचा ट्रॅक्टर खाकरला,
मी प्रेसचा भोंगा ऐकल्यागत ताठ झाले
आणि तो चौखूर निघाला,
तीनच ढांगा, नम्रपणे, ड्युटी म्हणून.

माझं घोडं कुठे पेंड खातं
हे माझ्या घोड्याला पहिल्या मिनिटात कळलं होतं.
उजव्या खुब्यात. अठ्ठ्याण्णव साली
क्वार्टर्सच्या जिन्यावरून पडले होते.
घरी सांगितलं नव्हतं.
त्याला सांगावं लागलं नाही.

मार्गशीर्षातली सकाळ. धरणावरून धुकं आलेलं,
डब्यांवरची अक्षरं गेलेली.
आम्ही अर्धा थांबा शिकत होतो:
थांबायचं नसतं, थांबण्याचा विचार करायचा
आणि तो पुरा व्हायच्या आत सोडून द्यायचा.
चाळीस वेळा केला.
चाळीस वेळा तो पुरता थांबला.
कंटाळले. खरं सांगते, साधनाबिधना काही नव्हती,
मला चहा हवा होता.
मनाने मी केव्हाच खाली उतरले होते,
शरीर तेवढं वर विसरलं होतं.

तेव्हा त्याची पाठ खालून वर आली.
दुडकी, पण पुढे न जाता.
तिरके दोन पाय, मग तिरके दोन,
मध्ये एक क्षण कुठलाच नाही,
जागच्या जागी,
वाळूचा आवाजसुद्धा होत नव्हता.
पाच, सहा—
मोजायला लागले आणि संपलं.

खोर्शेदबाई काही बोलल्या नाहीत.
टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.
कुंपणावरून काळू म्हणाला,
"ते त्याला येतंच, ताई.
आज तुम्ही मधी आल्या नाहीत."

परतताना द्वारकेच्या सिग्नलला
मी खुबे सैल सोडले, श्वास खाली नेला,
थांबण्याचा विचार केला.
स्कूटी सरळ पुढे गेली.
हवालदाराने शिट्टी मारली.

दंडाची नोट काढताना अंगठा सवयीने फिरला.
आमच्याच प्रेसची. चूक नव्हती.
तिला एक पांढरा, राठ केस चिकटला होता.
तेवढा मी काढून घेतला.