बेस प्लेट

जुनी शेड आडवी झाली ती मंगळवारी, पहाटे.
आत साडेचार टन बर्फ होता आणि दामूची सायकल.
माणूस नव्हतं. हे मी अजूनही
कुणी विचारायच्या आत सांगून टाकते.

ट्रॉम्बेच्या खाडीला लागून बर्फाचा कारखाना,
म्हणजे लोखंडाला दोन सासवा:
बाहेर खारा वारा, आत मिठाचं पाणी.

मग कोटेशनं आली.

पहिलं चकचकीत. अंधेरीच्या ऑफिसात
पडद्यावर माझाच कारखाना गरगर फिरवून दाखवला,
वरून, खालून, शेजारी आम्ही कधी न लावलेली झाडं.
"मॅडम, पंचवीस वर्षांची गॅरंटी."
कंपनीचं वय विचारलं.
तीन.

दुसरं स्वस्त. इतकं स्वस्त
की भावाने शून्यं दोनदा मोजली.
पत्र्याची जाडी विचारली तर म्हणाला,
"ताई, विश्वास ठेवा."
विश्वास किती एमएमचा, ते कागदावर नव्हतं.

आणि दारूखान्यातला खतीब.
आला तो बोललाच नाही. पडलेल्या खांबांचे
बुंधे बघत फिरला, स्कूटरच्या किल्लीने
एक खरवडला. पापुद्रा सुटला, खारी बिस्किटासारखा.
"तुमची शेड वरून नाही पडली," म्हणाला.
"खालून पडली."

मी म्हटलं, तुमचं एखादं काम दाखवा.
मला वाटलं, दाखवील काहीतरी नवं,
अजून रंगाचा वास येणारं.
त्याने स्कूटर माहुलला नेली.
केमिकलचं गोदाम, मागचा कोपरा, तिथला खांब.
उकिडवा बसून म्हणाला, "हा बघा. इथे मी चुकलो.
बेस प्लेट जमिनीलगत ठेवली,
चार इंच वर घ्यायला हवी होती.
बारा वर्षं झाली. दर दिवाळीनंतर येतो,
घासतो, रंग देतो. बिल लावत नाही."
वॉचमनने न विचारता
बादली आणून ठेवली होती.

घासाघीस मी तरीही केली.
कोळीण आहे, आईच्या टोपलीतला बोंबीलही
भाव केल्याशिवाय उचलला नसता.
कागद वकिलाकडून करून घेतला.
खांबाखांबावर ठोकलेला हीट नंबर
सर्टिफिकेटशी ताडून पाहिला,
शाळेत नाव घालताना जन्मदाखला बघतात तसा.
एक जुळला नाही.
तो खांब खतीबने
ट्रकवरून उतरवूच दिला नाही.

शेड उभी आहे.
मोठा दरवाजा नीट लागत नाही, त्यावरून
आमचं अजून भांडण चालू आहे.

रात्री वारा सुटला की जाग येते.
टॉर्च घेऊन जाते. छताकडे बघत नाही,
खाली वाकते,
प्लेटखाली बोटं लावून मोजते.
चार इंच.
आहेत.