रात्री दार ठोठावणे : उणे चार

डुलुथला जानेवारीत दिवस चारलाच आटोपतो.
सरोवराच्या कडा गोठलेल्या, खनिजाची एक बोट
धक्क्याला टेकून मार्चची वाट बघत असलेली.
आम्ही चौघं आयनोच्या तळघरात, बॉयलरला पाठ लावून;
मध्ये फासे, शेंगा,
आणि नव्या पात्रांचे कोरे कागद.

खेळ चालवणारा मी. विचारलं, कोण काय होणार?
कर्टिस दारूची चोरटी ने-आण करणारा, नेहमीसारखा.
आयनो पाद्री, देवाशी अबोला धरलेला.
मार्लिस म्हणाली, "पोलीस."
आजवर तिने फक्त चेटकिणी केल्या होत्या.

"कसला पोलीस? लाचखाऊ? बंदुकीआधी बोलणारा,
की बोलण्याआधी बंदूक?"
"गावचा," ती म्हणाली. "एकटाच.
साडेतीनशे वस्ती, एक दीपगृह, एक कोठडी.
कोठडीत बटाट्यांची पोती."

वाटायला गुण होते वीस.
ताकदीला तिने पाच दिले, दारुड्याला खांद्यावर टाकून
त्याच्या घरी पोचवण्यापुरते.
पळण्याला दोन. गुडघा दुखरा.
नेमबाजीला एक.
"एक? मग हा जगणार कसा?" कर्टिस.
"त्याने एकदाच गोळी झाडलीय. ट्रकखाली आलेल्या हरणावर."
उरलेले बारा : माणसांची नावं लक्षात ठेवणे.
असा रकानाच नव्हता. तिने पट्टीने आखला.

नाव डेप्युटी हॅल्वर. खिशात शिट्टी, किल्ल्या,
पेपरमिंटच्या गोळ्या.
"पोरांना वाटायला?" मी.
"नाही. त्याचं तोंड कोरडं पडतं."

नियम असा की एक उणीव पत्करली तर दोन गुण जादा मिळतात.
लोक घेतात उंचीची भीती, पत्त्यांचा नाद,
खेळात आड न येणाऱ्या स्वस्तातल्या उणिवा.
मार्लिसने पेन्सिल ठेवली आणि पेनाने लिहिलं :
रात्री दार ठोठावणे, उणे चार.

तिचे वडील एकोणतीस वर्षं डेप्युटी होते.
किनाऱ्याच्या रस्त्यावर बर्फात गाडी घसरली
की कुणाच्या तरी घरी जाऊन सांगायचं, ते काम त्यांच्याकडे.
हे ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती :
आयनोच्या आईचं दार त्यांच्याच वाट्याला आलं होतं.
आयनो खाली बघून टरफलं गोळा करत राहिला.
जादाचे दोन गुण तिने कोपऱ्यात तसेच ठेवले.

तिसऱ्या बैठकीत वादळ आलं.
दीपगृहवाल्या बाईचा मुलगा बोटीसकट बुडाला.
मी ते डिसेंबरातच लिहून ठेवलं होतं.
खोडता आलं असतं. खोडलं नाही.

"हॅल्वर गाडीतून उतरतो," मार्लिस म्हणाली.
"गोळी तोंडात टाकतो. दिवा दिसतोय?"
"स्वयंपाकघरात."
"म्हणजे जागी आहे."
तिने फासा टाकला. तो टेबलाच्या कडेवरून
थेट बॉयलरखाली.

आयनो गुडघ्यांवर बसला, टॉर्च लावून
किती तरी वेळ आत बघत राहिला.
"किती पडले?" कर्टिसने विचारलं.
आयनो उठला. मूठ मिटलेली, कोपराला जाळी लागलेली.
"ठोठवावं लागलं नाही," तो म्हणाला.
"दार तिनेच उघडलं. तिला गाडीचा आवाज आला होता."

नियमात हे बसत नव्हतं.
खेळ चालवणारा मी, पण मी गप्प बसलो.

मार्लिसने कागद जवळ ओढला
आणि ते दोन गुण तेव्हा खर्ची टाकले :
सांगून झाल्यावर थांबणे, दोन.
त्यालाही रकाना नव्हता.

वर कुणीतरी नळ सोडला, बंद केला.
बऱ्याच वेळाने कर्टिस म्हणाला,
"बोटीतली पिंपं माझी होती,"
आणि त्याने दोन्ही हात
टेबलावर ठेवले.